भामिनी (संगीत मानापमान)

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘संगीत मानापमान’ या नाटकाची नायिका. पहिला प्रयोग १२ मार्च १९११, मुंबई. किर्लोस्कर नाटक मंडळी. संगीत गोविंदराव टेंबे. भूमिका बालगंधर्वांनी (नारायण श्रीपाद राजहंस, १८८८–१९६७) गाजवली.

कथानक : श्रीमंत घरची भामिनी, गरीब म्हणून सेनापती धैर्यधराला झिडकारते; पुढे वनमाला या नावाने साध्या वेषात त्याची पारख करते आणि त्यालाच वरते.

वेषभूषा व प्रभाव : बालगंधर्वांच्या गाण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले, नेसण्याविषयी त्या मानाने फार थोडे. वास्तविक त्यांच्या स्त्रीभूमिकांचा घराघरांत उमटलेला ठसा लुगड्याचा आहे. चापूनचोपून नेसलेली नऊवारी, खांद्यावरून डौलाने घेतलेला पदर, अंबाड्यावर फुले, नाकात नथ हे रूप त्यांच्या छायाचित्रांत आजही निरखता येते. नाटकाला आलेल्या बायका निऱ्यांची ठेवण आणि अंबाड्याची बांधणी डोळ्यांत साठवून घरी तसेच करून पाहत, असे त्या काळच्या आठवणींत वारंवार येते. हे अनुकरण मुख्यतः शहरी पांढरपेशा घरांतले असावे. स्त्रीसौंदर्याचा हा नमुना पुरुषाने घडवला, याचा अर्थ कसा लावायचा याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. १९१३ मध्ये स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढल्यावर बालगंधर्वांनी उंची वस्त्रे आणि नेपथ्य यांवर कधी हात आखडला नाही. मंडळी कर्जात बुडाली त्याला हा खर्चही कारण झाला.

भामिनीची मोहिनी नुसत्या भरजरी कपड्यांची नव्हती. वडिलांनी पसंत केलेल्या वराला ती तोंडावर नकार देते आणि पुढे आपला नवरा स्वतः पारखून निवडते. मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा तेव्हा अठरा वर्षे दूर होता. ज्यांची लग्ने न कळत्या वयात उरकली गेली, अशा प्रेक्षक स्त्रियांना तिचा हा अधिकार शालूइतकाच हवाहवासा वाटला असणार.

संयुक्त प्रयोग : ८ जुलै १९२१, मुंबई, टिळक स्वराज्य फंडासाठी. धैर्यधर केशवराव भोसले.

चित्रपट : ‘संगीत मानापमान’ (२०२५), दिग्दर्शक सुबोध भावे, भामिनी वैदेही परशुरामी.