भीमगड : म्हादईच्या उगमाकडील अरण्य

भीमगड वन्यजीव अभयारण्य बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, गोव्याच्या सीमेलगत आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १९० चौरस किलोमीटर असून कर्नाटक सरकारने डिसेंबर २०११ मध्ये ते अधिसूचित केले. नाव शिवकालीन भीमगड किल्ल्यावरून आलेले आहे. देगाव परिसरात म्हादई उगम पावते. जवळच कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. एक नदी पश्चिमेला अरबी समुद्र गाठते, दुसरी पूर्वेला कृष्णेला मिळते. पुढचा सारा वाद या भूगोलातूनच निर्माण झाला.

तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमुळे भीमगडचे नाव प्राणिशास्त्रात पोहोचले. ‘रॉटन्स फ्री-टेल्ड बॅट’ या वटवाघळाचे शास्त्रीय वर्णन १९१३ मध्ये येथील नमुन्यांवरून झाले आणि पुढे कित्येक दशके जगात अन्यत्र त्याची वसाहत ठाऊक नव्हती. नंतर मेघालय व कंबोडियात ते आढळले.

कळसा आणि भांडुरा या म्हादईच्या उपप्रवाहांचे पाणी मलप्रभेत वळवून हुबळी-धारवाड परिसराची तहान भागवावी, ही कर्नाटकाची जुनी योजना आहे. २००६ मध्ये कणकुंबीला कळसाचे काम सुरू होताच गोवा सरकार आणि म्हादई बचाव अभियान यांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. २०१० मध्ये लवाद नेमला गेला. १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्याने गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. कर्नाटकाच्या वाट्यातील ३.९ टीएमसी वळवण्यासाठी आहे : कळसातून १.७२, भांडुरातून २.१८. आठ टीएमसीहून अधिक पाणी वीजनिर्मितीसाठी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने सुधारित प्रकल्प अहवालाला मान्यता दिली, तेव्हा गोव्यात पुन्हा संताप उसळला आणि जानेवारी २०२३ मध्ये विर्डी-साखळी येथे जाहीर सभा झाली. मात्र जल आयोगाची मान्यता म्हणजे वनखात्याची व वन्यजीव मंडळाची परवानगी नव्हे.

हा वाद केवळ गोवा विरुद्ध कर्नाटक असा मांडला जातो, ते अपुरे आहे. बेळगावातील पर्यावरण कार्यकर्तेही या योजनेला विरोध करतात. खानापूरचे जंगल तुटले तर खुद्द मलप्रभाच आटेल, हा त्यांचा मुद्दा आहे. मलप्रभेवरचे नवलतीर्थ धरण ज्या पावसावर भरते, तो याच डोंगरांत पडतो. दुसरीकडे, नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्यांनी २०१५ पासून याच पाण्यासाठी दीर्घ आंदोलन केले. त्यांची टंचाईही खरी आहे.

धारवाडजवळच्या नरेंद्रहून शेल्डेला येणाऱ्या ४०० केव्ही वीजवाहिनीचा प्रश्नही याच पट्ट्यातला. गोव्याच्या हद्दीतील जंगलात नवा पट्टा न तोडता जुन्या वाहिनीचाच मार्ग धरावा, असे एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. हा ‘मोले वाचवा’ चळवळीला मिळालेला मोठा दिलासा होता.

अभयारण्यात गवाळी, कोंगळा, पास्तोली, आमगाव, कृष्णापूर अशी मराठीभाषक गावे आहेत. बारमाही रस्ते नसल्याने पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून न्यावे लागते. स्थलांतरास राजी होणाऱ्या कुटुंबाला शासनाने १५ लाख रुपये देऊ केले आणि २०२५ मध्ये तळेवाडीपासून सुरुवात झाली. इतर गावांत काहींना बाहेर पडायचे आहे, तर काहींना २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये जमिनीवरचा हक्क आधी हवा आहे.