स्तुग्नाझो

प्राचीन ग्रीक क्रियापद. अर्थ : (१) खिन्न होणे, तोंड उतरणे, (२) आभाळाविषयी, झाकोळणे, (३) हबकणे. ‘स्तुग्नोस’ (नकोसा, उदास) या विशेषणापासून. मूळ धातू तिटकारा येणे या अर्थाचा. पाताळातील स्टिक्स नदीचे नाव त्याच कुळातले.

उपयोग : क्रियापद विरळ. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात यहेज्केल २७:३५, २८:१९ व ३२:१० येथे तिसरा अर्थ घेतात. पहिल्या ठिकाणी सोर नगराची धूळधाण पाहून द्वीपवासी हबकतात. नव्या करारात ते दोनदाच येते. मत्तय १६:३ मध्ये सकाळचे तांबडे, झाकोळलेले आभाळ वादळाची खूण ठरते. चौथ्या शतकातील सायनाय व व्हॅटिकन हस्तलिखितांत हा मजकूर नाही. तो मूळचा की मागाहूनचा, यावर एकमत नाही. मार्क १०:२२ मध्ये, असेल नसेल ते विकून गरिबांना दे, असे ऐकताच श्रीमंत माणसाची जी अवस्था होते, तिला हे क्रियापद आहे. काही अभ्यासक येथेही ‘हबकला’ असा अर्थ लावतात. मत्तय व लूक हीच कथा सांगताना तो दुःखी झाला एवढेच म्हणतात. मार्क दुःखाच्या आधी चेहऱ्यावर आलेले मळभ दाखवतो. कथेचा सारा भार त्या एका क्षणावर आहे.

मराठीत : हे क्रियापद मराठीत आणण्याचा प्रश्न निदान १८०५ पासूनचा. त्या वर्षी विल्यम केरी यांच्या बंगालमधील श्रीरामपूर छापखान्यातून मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत निघाले. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आभाळ आणि चेहरा यांना एकच क्रियापद मराठीतही चालते : दोन्ही झाकोळतात, काळवंडतात. पैनगंगेकाठच्या उमरखेड तालुक्यात (जि. यवतमाळ) हे नाते शिवारात दिसते. तूर फुलोऱ्यात असताना आभाळ आले, की शेंगा पोखरणाऱ्या अळीची धास्ती. शेतकरी फुलांचा झुपका उलटून अंडी शोधतो, वर बघतो, आणि घरी येतो तेव्हा काही विचारावे लागत नाही. मत्तय व मार्क येथील दोन्ही अर्थ अशा वेळी एकाच माणसात भेटतात. म्हणून भाषांतरात ‘दुःखी झाला’ हा सोपा पर्याय अपुरा पडतो.

आधुनिक ग्रीक : विशेषण टिकून आहे, अर्थ निर्दय, थंड काळजाचा.