'खुकरी'वरून वाचलेले ६७

आपण अंथुर्णेकर नीरा डाव्या कालव्याच्या काठचे. समुद्रातली लढाई आपल्याला दूरचीच. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'ने आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडवली. सोनारच्या चाचणीसाठी तिचा वेग कमी ठेवला होता. (हा सोनार पेढीवरचा नव्हे; पाण्यातल्या आवाजावरून पाणबुडी शोधणारे यंत्र!) इंजिनिअर म्हणून मला हेच सलते. काही मिनिटांत नौका गेली. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी आपले लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिले आणि ते नौकेवरच थांबले. वाचलेल्या ६७ जणांनी ती रात्र समुद्रातच काढली. दुसऱ्या दिवशी 'कछाल' नौकेने त्यांना वर घेतले.