सोलरवर चालणारी होडी घरीच बनवायचीय? खाडीत उतरवण्याआधी हा हिशोब वाचा

रत्नागिरी : जिल्ह्यात बाणकोट, दाभोळ, जयगड, भाट्ये, पूर्णगड, जैतापूर अशा खाड्या आहेत. डिझेल-पेट्रोलचा खर्च वाचवायला लहान होडीवर सोलर पॅनल आणि बॅटरीची मोटर बसवता येते. सामान जोडणं फार अवघड नाही. अवघड आहे ते बॅटरी संपायच्या आत घरी परतणं.

आधीचं उदाहरण
केरळमध्ये वैकम ते तवणक्कडवू या जलमार्गावर जानेवारी २०१७ पासून 'आदित्य' ही सोलर फेरीबोट चालते. ७५ प्रवासी बसतात. छतावर २० किलोवॅटची पॅनल्स आहेत. दोन अरुंद, हलक्या सांगाड्यांवर ती उभी असल्याने पाणी कापायला ताकद कमी लागते. आपल्यालाही हाच धडा : होडी हलकी आणि अरुंद हवी, वेग बेताचा हवा.

काय काय लागेल?
साधारण १८ फुटी फायबरची होडी, दोन-तीन माणसं, असं धरू.
• ३३० वॅटची २ पॅनल्स
• २४ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी
• १ किलोवॅटपर्यंतची २४ व्होल्टची बोट मोटर
• चार्ज कंट्रोलर, फ्यूज, मेन स्विच, बॅटरी मीटर

युनिटचा हिशोब
लाईट बिलातलं युनिट इथेही तेच. ही बॅटरी म्हणजे सुमारे २.४ युनिट. तळाशी थोडी राखून ठेवली तर वापरायला २ युनिट. मोटर ५०० वॅटवर चालवली तर ४ तास, १००० वॅटवर फक्त २ तास. पण वीज दुप्पट जाळून वेग जेमतेम सव्वापट होतो. म्हणून सावकाश चालवण्यातच फायदा.
स्वच्छ उन्हाच्या दिवशी दोन पॅनल्स मिळून साधारण २ ते अडीच युनिट देतात. ढगाळ दिवशी बरंच कमी. पावसाळ्यात सोलरच्या भरवशावर राहू नका.
जुनी लेड ॲसिड बॅटरी स्वस्त पडते, पण ती निम्मीच वापरावी आणि वजनही खूप. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, त्यामुळे बंद पेटीत ठेवू नका.

भरती-ओहोटी विसरू नका
समजा होडीचा वेग ताशी ६ किमी आणि पाण्याची ओढ ताशी ३ किमी. ओढीबरोबर ८ किमी जायला तासाच्या आत काम होतं. परत येताना तेच ८ किमी २ तास ४० मिनिटं! वर वारा समोरून आला तर बॅटरी वाटेतच बसेल.
त्यामुळे जाताना ओढीविरुद्ध जा, येताना ओढीबरोबर या. उलटं करावंच लागलं तर मीटर ८० टक्क्यांवर येताच मागे वळा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जास्त, अष्टमीच्या आसपास भांगाला कमी. दुपारनंतर समुद्राकडून वारा वाढतो, म्हणून फेरी सकाळीच उरका. वल्ही, नांगर आणि दोर होडीत कायम ठेवा.

बसवताना
• पॅनल्सचं छप्पर कमी उंचीचं ठेवा. उंच छप्पर वारा धरतं, होडी कलंडते.
• बॅटरी मध्यभागी, तळाच्या पाण्यापासून वर, घट्ट बांधून ठेवा.
• फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकाजवळच हवा.
• बोल्ट ३१६ स्टेनलेसचे, वायर कथील चढवलेल्या तांब्याची घ्या. खारं पाणी बाकी सगळं खातं.
• घरी आल्यावर पॅनल आणि मोटर गोड्या पाण्याने धुवा. पंख्याजवळची जस्ताची वडी झिजली की बदला.
• पहिली चाचणी काठाजवळ, रिकाम्या होडीने घ्या.

परवानगी
नोंदणीबाबत महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात आधी विचारा. मासेमारीसाठी असेल तर मत्स्यव्यवसाय विभागात जा. परवान्याशिवाय भाड्याने प्रवासी नेऊ नका. होडीत जितकी माणसं, तितकी लाइफ जॅकेट हवीतच, आणि ती अंगात घातलेली.