शीर्षकपृष्ठावरील लहान टाइप

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांत 'ग्रे' हें नांव माणसाचें न राहतां ग्रंथाचें झालें आहे. हेन्री ग्रे हा लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयांतील शस्त्रवैद्य; वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, १८५२ सालीं, तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला. शरीररचनेवरील आपल्या ग्रंथासाठीं त्यानें हेन्री व्हॅन्डाइक कार्टर या चार वर्षांनीं लहान सहकार्‍याकडून चित्रें काढून घेतलीं. १८५८ सालीं ग्रंथ निघाला. ग्रेला दर हजार प्रतींमागें दीडशें पौंड ठरले होते. कार्टरला एकदांच दीडशें. मुद्रितें तपासतांना कार्टरचें नांव लहान टाइपांत घ्यावें, अशी सूचना ग्रेनेंच केली.

कार्टर तोंवर मुंबईस आला होता. तेथें ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यानें शिकविलें. १८६३ पासून कांहीं वर्षें तो सातार्‍यास सिव्हिल सर्जन होता. पाय सुजून त्यास छिद्रें पडणार्‍या रोगांतील बुरशीवर त्यानें १८७४ सालीं ग्रंथ लिहिला, कुष्ठरोगाचा अभ्यास केला, आणि १८७७ च्या सुमारास मुंबईंतील उलटून येणार्‍या तापाच्या रोग्यांच्या रक्तांत पिळदार जंतु पाहिले. ग्रे १८६१ सालींच देवीच्या रोगानें वारला होता.

ग्रेची विद्वत्ता आम्ही नाकारीत नाहीं, मजकूर त्याचाच. परंतु चित्रांवांचून तो इतका टिकता काय? साहाय्यकाचें ऋण आभारांच्या एका ओळींत फेडण्याची रीत आमच्याहि विद्यापीठांस अपरिचित नाहीं. ज्यानें सातार्‍याच्या रोग्यांवर उपचार केले, त्याचें नांव तरी आम्हीं मोठ्या टाइपांत छापावें.