गाडीचा उंबरा आणि किल्लारीचं माळवद

आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल: जुन्या गाडीच्या दाराखालच्या उंबऱ्यावर बसवायची धातूची पट्टी. इतिहासाच्या व्याख्यानात ती कशाला? पण आपण किल्लारीत बसून बोलतोय. वरून घातलेलं संरक्षण आणि आतली मजबुती यांत फरक असतो, हे या गावाला वेगळं सांगायला नको.

आधी गाडीकडे पाहू. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. १९५० च्या दशकात तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघू लागली. तिचीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. तिकडे बंगालात, उत्तरपाड्याला, १९५७ पासून अ‍ॅम्बेसिडर तयार होत होती. त्या काळी गाडी नोंदवली की वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. मग हाती आलेली गाडी लोक जिवापाड जपत आणि दोन-दोन पिढ्या वापरत.

अशा गाडीत उंबऱ्याचा रंग लवकर जातो. चढता-उतरता बुटाची टाच घासते, आपल्या काळ्या मातीतली कच तिथेच साचते. म्हणून त्यावर अ‍ॅल्युमिनियमची किंवा स्टीलची खाचेदार पट्टी बसवायची. रंग वाचतो, पाय घसरत नाही, गाडी देखणी दिसते.

आता खरी गोम बघा. जुन्या जीपला खाली स्वतंत्र सांगाडा असतो, भार तो घेतो. फियाट आणि अ‍ॅम्बेसिडरला तसा पूर्ण सांगाडा नाही. तिथे पत्र्याची बॉडीच भार पेलते आणि दाराखालचा पोकळ उंबरा हा तिच्या कण्याचा भाग असतो. पट्टीसाठी त्याला भोकं पाडली की स्क्रूच्या कडेने पाणी आत जातं. पट्टीखाली ओल राहते. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना लागले की धातू खाल्ला जातो. वर पट्टी चकचकीत, खाली पत्रा पोखरलेला. दार नीट लागेनासं होतं तेव्हा मालकाला कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

आपल्या घरांचं काय झालं ते आठवा. माळवद म्हणजे लाकडी खांब, तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी गळती थांबवायला त्यावर नवी माती टाकायची. त्यात चूक कुणाची नव्हती. घर जपायची तीच रीत होती. पण थरावर थर चढत गेले, काही घरांवर माती दोन-दोन फूट झाली. भिंती रुंद होत्या, मात्र आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. भिंती फुटल्या, दगड आणि माती झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली. कित्येक ठिकाणी लाकडी सांगाडा मात्र तसाच उभा राहिला.

त्यानंतर वाचलेल्या घरांच्या दुरुस्तीसाठी तज्ज्ञांनी काय सांगितलं? माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार सांधे घाला, खांब आणि तुळईच्या जोडाला तिरपे टेकू द्या. थोडक्यात, आधी आतलं बघा.

गाडीलाही हेच लागू आहे. पट्टी घेण्याआधी उंबरा खालून ठोकून पाहा, कुजका पत्रा कापून नवा जोडा. पाणी निघायची खालची भोकं मोकळी ठेवा. आत मेणासारखं गंजरोधक सोडा. पट्टी शक्यतो जुन्याच भोकांवर किंवा चिकटपट्टीवर बसवा, मध्ये पातळ रबर घाला. आणि दर पावसाळ्यानंतर ती काढून खाली बघा.

पट्टी लावू नका, असं आम्ही म्हणत नाही. जरूर लावा. पण तिच्याखाली काय चाललंय, ते बघायची सवय सोडू नका. पुढच्या वेळी याच भागातल्या चिरेबंदी वाड्यांबद्दल बोलू.