पेशींची वांटणी

वडिलार्जित शेत मुलांत वांटलें, पुढें नातवांत वांटलें, म्हणजे कांहीं पिढ्यांनीं एकेकाच्या हातीं वाफाच काय तो उरतो. प्राण्याचें शरीर घडतांना अशीच वांटणी होते, असें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाइसमान या जर्मन पंडिताचें मत होतें. अंड्याच्या दोन पेशी, दोहोंच्या चार होत जातात, तसतसें मूळचें संचित विभागलें जातें, व शेवटीं कातड्याच्या पेशीपाशीं कातड्यापुरताच वांटा राहतो, असा त्याचा आशय.

१८८८ सालीं विल्हेल्म रू यानें बेडकाच्या गर्भांतील दोन पेशींपैकीं एक तापलेल्या सुईनें मारली. दुसरीपासून अर्धाच गर्भ वाढला, आणि वांटणीचा पुरावा मिळालासें वाटलें. परंतु मेलेली पेशी त्यानें तशीच चिकटलेली राहूं दिली होती. १८९१ सालीं हान्स ड्रीश यानें एका काटेरी सागरी प्राण्याच्या दोन पेशी हलवून अगदीं अलग केल्या. तों प्रत्येकीपासून लहान पण पूर्ण जीव निपजला! पुढें हान्स श्पेमान यानें न्यूट नांवाच्या जलचराचें अंडें तान्ह्या मुलाच्या केसानें आवळून, सोळा पेशी झाल्यावरही एका केंद्रकापासून पूर्ण प्राणी होतो, हें दाखविलें.

मग वाढ पुरी झालेल्या पेशीचें काय? तिचें केंद्रक काढून रिकाम्या अंड्यांत घालावें, अशी कल्पना श्पेमाननें १९३८ सालीं मांडली. ती अद्भुत वाटेल, हें तो जाणून होता. १९४१ सालीं तो वारला. १९५२ सालीं अमेरिकेंत ब्रिग्ज व किंग यांना कोंवळ्या गर्भाच्या केंद्रकापासून बेडूक-पिलें मिळालीं. पण गर्भ जून होतांच यश हटूं लागलें. वांटणीचा पक्ष पुन्हा डोकें वर काढूं लागला. १९६२ सालीं जॉन गर्डन यानें बेडूक-पिलाच्या आंतड्यांतील केंद्रकापासून बेडूक वाढविल्याचें प्रसिद्ध केलें, तरी शंका राहिलीच.

ती स्कॉटलंडांत फिटली. ५ जुलै १९९६ रोजीं रोझलिन संस्थेंत सहा वर्षांच्या मेंढीच्या कांसेंतील पेशीपासून डॉली जन्मली. २७७ प्रयत्नांत ही एकच जगली. २०१२ सालीं गर्डनला शिन्या यामानाका यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें.

आम्हांस या इतिहासांत नवलापेक्षां बोध अधिक दिसतो. रूच्या सुईनें खोटें सांगितलें नव्हतें. मेलेला सोबती जिवंत पेशीला अडवीत होता, एवढेंच त्याच्या ध्यानीं आलें नाहीं. वांटणी झालीच नव्हती. साऱ्या घराण्याचा दस्तऐवज जवळजवळ प्रत्येक पेशीपाशीं अखंड होता. तिच्या कामापुरतीं पानें तेवढीं उघडीं असत. जें दिसत नाहीं तें नाहींच, असा निवाडा देण्याची घाई माणसांविषयींही आपण पुष्कळदां करतों. कांसेंतल्या एका पेशीनें तो निवाडा १०८ वर्षांनीं फिरविला, हें स्मरणांत ठेवावें.